लिनक्स सर्व्हरच्या देखरेखीसाठी टाइम-सिरीज डेटाबेस कसा बसवावा? मायएसक्यूएल चालणार नाही का?

तुमचे १२ लिनक्स सर्व्हर आहेत, रात्री कुठल्यातरी सर्व्हरची डिस्क भरते आणि सकाळी ग्राहकाचा फोन आल्यावर कळतं. म्हणून दर १५ सेकंदांचे आकडे मायएसक्यूएलच्या टेबलात टाकू का, असं विचारलंय. टाका, चालेल. पहिले दोन-तीन महिने काही त्रास नाही. मग जुन्या ओळी पुसायची वेळ येते आणि ते डिलीट चालू असताना डेटाबेस धापा टाकतो. हे मी करून बसलोय.

प्रोमिथियस बसवा. हा टाइम-सिरीज डेटाबेस, म्हणजे वेळेनुसार येणारे आकडे साठवण्यासाठीच बनवलेला. २०१२ साली साउंडक्लाउडमध्ये सुरू झालेलं, मुक्त स्रोत, आणि एवढ्या पसाऱ्याला एकच प्रोमिथियस भरपूर झालं. जुना डेटा काढताना ते ओळी पुसत बसत नाही. डेटा काळाच्या तुकड्यांत ठेवलेला असतो, मुदत संपली की अख्खं फोल्डरच उडवतं. शिवाय दाबून भरतं. वेळ दर खेपेला १५ सेकंदांनीच पुढे सरकत असेल, तर 'फरकातला फरक', म्हणजे हे अंतर आणि मागचं अंतर यांतली तफावत, शून्य, आणि शून्य एका बिटात मावतं. आकड्यांमधलेही फक्त बदललेले बिट लिहिले जातात. ही युक्ती फेसबुकच्या गोरिला या डेटाबेसवरच्या २०१५ च्या शोधनिबंधातली. एरवी १६ बाइट खाणारी नोंद अशी एक-दोन बाइटांत बसते.

आता तुमचा हिशोब. प्रत्येक सर्व्हरमागे साधारण १००० सिरीज (एकेका मोजमापाची, वेळेनुसार चालणारी आकड्यांची रांग) धरा, म्हणजे १२ हजार. दर १५ सेकंदांनी घेतल्या तर सेकंदाला ८०० नोंदी, दिवसाला ६ कोटी ९१ लाख. नोंदीला २ बाइट धरले तरी दिवसाचे १४० एमबीसुद्धा होत नाहीत. ९० दिवसांना साडेबारा जीबी. २० जीबीचं वेगळं विभाजन (पार्टिशन) द्या, सिस्टम असते त्या रूटवर ठेवू नका. डिस्क भरल्याचं सांगणाऱ्यानेच डिस्क भरली तर काय बोलणार! एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवरही ठेवू नका, डेटा खराब होऊ शकतो.

बसवणं तासाभराचं काम आहे. डेबियन-उबुंटूवर एपीटीने प्रोमिथियस मिळतं, आणि बाराही सर्व्हरवर नोड एक्स्पोर्टर हा सर्व्हरचे आकडे गोळा करणारा छोटा प्रोग्राम टाकायचा. तो ९१०० पोर्टवर आकडे मांडून ठेवतो, प्रोमिथियस येऊन उचलून नेतं. डीफॉल्टला या पोर्टवर पासवर्ड-बिसवर्ड काही नसतो, तेव्हा फायरवॉलमध्ये ते फक्त देखरेखीच्या सर्व्हरला उघडा. प्रोमिथियसचं स्वतःचं पोर्ट ९०९०. रेड हॅट घराण्यातल्या मशीनवर कॉकपिट (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं साधन) चालू असेल तर तेही तिथेच बसलेलं असतं. सर्व्हिस सुरूच होईना म्हणून डोकं खाजवण्याआधी तेवढं बघा. आलेख ग्राफाना या आलेख काढायच्या साधनात काढा, त्यावर फार वेळ घालवू नका.

दोन सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी बदला. साठवणीची मुदत काहीच सांगितलं नाही तर १५ दिवस असते. 'मागच्या महिन्यातही असंच झालं होतं का?' असं साहेबांनी विचारलं की आलेख कोरा. ती ९० दिवस करा. सोबत आकाराची मर्यादाही घाला, २० जीबीच्या विभाजनावर १६.

आणि लेबलं, म्हणजे आकड्याला जोडलेल्या ओळखचिठ्ठ्या, जपून. आमच्या एका ॲपच्या मेट्रिकला (मोजमापाला) मी हौसेने ग्राहक क्रमांकाचं लेबल लावलं होतं. लेबलाचं प्रत्येक नवं मूल्य म्हणजे नवी सिरीज, आणि चालू सिरीज रॅममध्ये असतात. दुपारपर्यंत मेमरी संपली, कर्नलने प्रोमिथियसला मारलं. सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टमडीने पुन्हा उठवलं, ते आधीचा राइट-अहेड लॉग (ताज्या नोंदींची डिस्कवरची कच्ची वही) वाचायला लागलं, वाचता वाचता मेमरी पुन्हा संपली, पुन्हा मारलं. असं संध्याकाळपर्यंत. शेवटी तो लॉग हलवून ठेवला आणि काही तासांचा डेटा सोडून दिला. सर्व्हरचं नाव, डिस्कचं नाव, स्टेटस कोड ही लेबलं ठीक. ग्राहक, सेशन, ईमेल यांची जागा ॲपच्या लॉगमध्ये.

तुमच्या मूळ दुखण्यावर औषध म्हणजे अलर्ट. 'डिस्क ९० टक्के भरली' असा लावू नका; २ टीबीच्या डिस्कवर ९० टक्के म्हणजे अजून २०० जीबी मोकळे, आणि दोनदा उगाच उठवलं की तिसऱ्यांदा कोणी फोन बघत नाही. प्रोमिथियसमध्ये प्रेडिक्ट लिनिअर नावाचं फंक्शन आहे. गेल्या ६ तासांच्या वेगाने पुढच्या ४ तासांत मोकळी जागा शून्याखाली जाते का, एवढं त्याला विचारा. सोबत 'अप' हे मेट्रिक शून्य झालं, म्हणजे सर्व्हरकडून आकडेच आले नाहीत, त्याचाही एक अलर्ट. निरोप पोचवायचं काम अलर्टमॅनेजरचं, तो वेगळा बसवावा लागतो.

प्रोमिथियसच बंद पडलं तर? बारांपैकी प्रोमिथियस नसलेल्या कुठल्याही एका सर्व्हरवर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) चार ओळींची स्क्रिप्ट ठेवा, दर ५ मिनिटांनी ९०९० ला हाक मारणारी. उत्तर नाही आलं तर तिने थेट तुम्हाला मेल करायचा, अलर्टमॅनेजरला मध्ये न घेता.