मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने संघटनेचं सदस्यत्व आत्ताच घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा की, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, प्राध्यापक एखाद्या व्यावसायिक संघटनेचं विद्यार्थी-सदस्यत्व घ्या म्हणतात, पण आत्तापासून पैसे भरून उपयोग काय, पदव्युत्तरला गेल्यावर बघू, असं वाटतंय. माझं मत विचाराल तर आत्ताच घ्या. मात्र एकाच संघटनेचं घ्या आणि तिथे एखादं काम अंगावर घ्या.

बायोडेटात एक ओळ वाढते, पण नुसत्या ओळीला फारसं वजन नसतं. मुलाखतीत सदस्यत्वाचा उल्लेख दिसला की मी हमखास विचारते, "तिथे काय केलंत?" वार्तापत्र येतं, एवढंच उत्तर असेल तर तो विषय तिथेच संपतो.

निवड करताना नावापेक्षा संघटनेचा कल बघा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन (एपीए) १८९२ची, अवाढव्य. पण १९८८ मध्ये संशोधनाकडे ओढा असलेल्या मंडळींनी वेगळी चूल मांडली, कारण तिथे प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्यांचं पारडं जड झालंय असं त्यांना वाटत होतं. तीच आजची असोसिएशन फॉर सायकॉलॉजिकल सायन्स. म्हणजे तुम्हाला समुपदेशनात जायचंय की प्रयोगशाळेत, यावर उत्तर बदलतं. अजून ठरलं नसेल तरी बिघडत नाही. मोठ्या संघटनेत विषयवार विभाग असतात (एपीएत पन्नासच्या वर आहेत), एखाद्या विभागात वर्षभर वावरलात की आपला जीव कशात रमतो ते कळायला लागतं. साय काय (Psi Chi) ही मानसशास्त्राच्या गुणवंत विद्यार्थ्यांची १९२९ची संस्था जरा वेगळी. तिथे प्रवेश गुणांवर मिळतो आणि सदस्यत्व आयुष्यभराचं असतं. युरोपात विद्यार्थी संघटनांचा एक महासंघ १९८७ पासून विद्यार्थीच चालवतात. असं काही तुमच्या आवाक्यात असेल तर मी आधी तिकडे जाईन, कारण तिथे कामं लवकर हातात येतात.

खरी कमाई अधिवेशनात होते, आणि तीही मोठ्या व्याख्यानांपेक्षा पोस्टरच्या दालनात. तिथे विद्यार्थी आपलं संशोधन थोडक्यात मांडलेल्या पोस्टरशेजारी उभे असतात. कुणीतरी थांबतं, आलेख बघतं आणि विचारतं, "नमुन्यात सगळे तुमच्याच वर्गातले का? मग हा निष्कर्ष इतरांना कसा लागू होईल?" पुस्तकात वाचलेली नमुना निवडीची अडचण त्या क्षणी अंगाशी येते आणि मग विसरत नाही. विचारणारी व्यक्ती बऱ्याचदा तुम्ही जिचे शोधनिबंध वाचलेत तीच असते. पहिल्या वर्षी स्वतःचं पोस्टर नसेल तर स्वयंसेवक म्हणून नाव द्या. नोंदणीच्या टेबलावर बसलात तरी येणाऱ्या प्रत्येकाशी चार शब्द बोलणं होतं, आणि अनेक ठिकाणी स्वयंसेवकांना शुल्कात सूटही मिळते. ओळख झालेल्यांना आठवड्याभरात दोन ओळींचा मेल टाका, नेमकं कशावर बोलणं झालं ते लिहून.

एक गोष्ट मात्र अगदी पक्की लक्षात ठेवा: सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे. लोकांवर उपचार करण्याचा अधिकार त्या त्या देशातल्या कायद्याने आणि नोंदणीने मिळतो, संघटनेच्या ओळखपत्राने नाही. एपीएसारख्या ठिकाणी तर विद्यार्थ्याला पूर्ण सदस्य न म्हणता 'सहयोगी' म्हणतात. ते नावापुढे पदवीसारखं लावून समाजमाध्यमांवर सल्ले देणारे विद्यार्थी मी पाहिलेत. मदत मागायला आलेला माणूस त्या अक्षरांवर विश्वास ठेवतो, म्हणून मला याची फार काळजी वाटते.

पैसे भरण्याआधी संकेतस्थळावर तीन गोष्टी तपासा. गेलं अधिवेशन खरोखर झालं का, कार्यकारिणीत विद्यार्थी प्रतिनिधी आहे का, आणि नियतकालिकं वाचायला मिळतात का. नुसतं प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. तुमच्या ग्रंथालयात तीच नियतकालिकं आधीच येत असतील तर तो फायदा हिशेबात धरू नका. विद्यार्थी प्रतिनिधीचा पत्ता सापडला तर त्यालाच सरळ लिहा, यंदा कुठल्या कामाला माणसं हवीत म्हणून.