छताला ओल आली म्हणून लगेच भांडू नका

भाऊ, सोसायटीच्या कमिटीत नवीन आहात म्हणून सांगतो. छताला ओल दिसली की लगेच वरच्यांवर खापर फोडू नका. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत बाथरूमच्या छताचे पोपडे पडले आणि दोन घरांचं बोलणंच बंद झालं. शेवटी वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या तोंडाला, बोळा लावून रंगीत पाणी साठवलं. दुसऱ्या दिवशी खाली लाल थेंब! मग कुणी वाद घातला नाही.

ओल पावसाळ्यातच वाढत असेल तर आधी गच्ची आणि बाहेरची भिंत बघा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, तो खर्च सोसायटीचा. संडास, सिंकची घरातली गळती मात्र सभासदाची. तक्रार लेखी घ्या, पोच द्या. आणि प्लंबर येईल तेव्हा दोन्ही घरची माणसं समोर हवीत.