अमेरिकेत नाताळच्या हंगामात स्वतःच्या गाडीने पार्सल पोचवण्याचं काम परवडतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एच-४ ईएडी (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणारं कामाच्या परवानगीचं कार्ड) आहे, मुलं दुपारी तीनपर्यंत शाळेत असतात, दारात एक जुनी मिनीव्हॅन आणि एक लीजवरची नवी गाडी आहे. नोव्हेंबर ते जानेवारी पार्सलं पोचवायचं काम घ्यावं का, आणि घेतलं तर कुठल्या गाडीने? मी हे काम दोन्ही तऱ्हांनी केलंय, कंपनीच्या पगारावरही आणि ॲपवरही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लीजची गाडी विसरा. लीजच्या करारात वर्षाच्या मैलांची मर्यादा असते, बहुतेकदा दहा ते पंधरा हजारांच्या मधली, आणि त्यावरच्या प्रत्येक मैलाला गाडी परत करताना पैसे मोजावे लागतात. शिवाय भाड्याने किंवा धंद्यासाठी गाडी वापरायची नाही असं कलम बऱ्याच करारांत असतं. कागद काढून वाचा. मिनीव्हॅन मात्र या कामाला उत्तम. सरकते दरवाजे, मागच्या सीट काढल्या की सपाट जागा, आणि पार्किंगमध्ये कुणी ओरखडा काढला तर जीव खालीवर होत नाही.

आता पैशांचं. जाहिरातीत ‘तासाला इतके’ एवढंच ठळक छापलेलं असतं. तुम्ही पहिल्यांदा विचारायचं ते हे, की मैलांचे पैसे वेगळे देता का? सगळा हिशोब या एका उत्तरावर फिरतो.

यूपीएससारखी पार्सल कंपनी हंगामापुरते चालक नोकरीवर घेते. २०२४ च्या हंगामासाठी त्यांनी सव्वा लाखाहून जास्त हंगामी माणसं भरायचं जाहीर केलं होतं, त्यात स्वतःची गाडी घेऊन येणारेही असतात. इथे तुम्ही कर्मचारी असता, डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर यांचा दाखला) मिळतो, तासाचा पगार मिळतो आणि गाडी चालवलेल्या मैलांचा मोबदला वेगळा. दुसरीकडे अमेझॉन फ्लेक्ससारखी ॲप. तिथे तुम्ही स्वतंत्र कंत्राटदार. काही तासांचा ‘ब्लॉक’ घ्यायचा, त्याची रक्कम आधीच ठरलेली, आणि गॅस (म्हणजे पेट्रोल), टायर, ऑइल, घसारा (वापराने गाडीची घटणारी किंमत) हे सगळं त्याच रकमेतून तुमच्याच खिशातून.

उदाहरण घेऊ. समजा चार तासांच्या ब्लॉकला ८० डॉलर दिसताहेत. तासाला २०, छानच की! पण स्टेशनवर (जिथून पार्सलं उचलायची त्या गोदामावर) जाणं, वाटप आणि शेवटच्या घरापासून घरी परतणं मिळून ७० मैल झाले. २०२५ साठी आयआरएसने (अमेरिकेच्या आयकर खात्याने) धंद्याच्या वापराचा ठरवलेला दर मैलाला ७० सेंट होता. त्या हिशोबाने गाडीचा खर्च ४९ डॉलर. उरले ३१. चार तासांनी भागा, आठ डॉलरच्याही खाली येतं. वर जाण्यायेण्याचा वेळ धरलाच नाही. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे, म्हणजे आपण जवळपास तिथेच येऊन टेकलो.

यावर माझे यजमान लगेच म्हणायचे, “अगं पण खरा खर्च तर गॅसचाच ना?” गॅस हा डोळ्यांना दिसणारा भाग झाला. त्या ७० सेंटांतले ३३ आयआरएसने घसाऱ्याचे धरले होते. तुमची मिनीव्हॅन जुनी आणि कर्जमुक्त असेल तर तिचा घसारा बराचसा आधीच होऊन गेलाय, त्यामुळे तुमचा प्रत्यक्ष खर्च ७० पेक्षा पुष्कळ कमी येईल. म्हणूनच म्हणते, हे काम जुन्या गाडीचं आहे. तीच गाडी घेऊन पगारी नोकरी करा, पूर्ण दराने मैलांचा मोबदला मिळवा, तर गाडी उलट तुम्हाला थोडं कमावून देते. मात्र दर किती आणि मैल कुठून कुठपर्यंत मोजणार, हे लेखी घ्या. मी एका ठिकाणी काम केलं तिथे पहिल्या पार्सलपासून शेवटच्या पार्सलपर्यंतच मैल धरायचे, आणि आमचा भाग स्टेशनपासून लांब. बोलून उपयोग झाला नाही. कॅलिफोर्नियात कामासाठी केलेला आवश्यक खर्च कर्मचाऱ्याला भरून देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. सगळ्या राज्यांत तसं नाही.

आणखी एक, डब्ल्यू-२ वर असताना मोबदला न मिळालेले मैल तुम्ही केंद्राच्या करात वजा करू शकत नाही. ती सवलत २०१८ पासून बंद आहे. ॲपच्या कामात उलटं. तिथे शेड्यूल सी (स्वतःच्या धंद्याचा नफा दाखवायचा करफॉर्म) भरताना मैल वजा होतात, पण उरलेल्या नफ्यावर नेहमीच्या आयकराशिवाय १५.३ टक्क्यांच्या हिशोबाने स्वयंरोजगार कर लागतो. तुमच्या यजमानांच्या पगारातून थोडा जास्त कर कापायला सांगितलात तर दर तिमाहीला आगाऊ कर भरायची भानगड टळू शकते. वजावट हवी तर वही ठेवा: तारीख, कुठे, कशासाठी, किती मैल, आणि हे रोजच्या रोज. वर्षअखेरीला आठवून लिहिलेली वही तपासणीत टिकत नाही. घरापासून कामाच्या पहिल्या जागेपर्यंतचे मैल सहसा येण्याजाण्यात मोडतात, ते धंद्याचे नाहीत.

विम्याकडे लोक सर्रास कानाडोळा करतात. घरगुती वाहनविम्यात पैसे घेऊन माल पोचवताना झालेला अपघात बहुतेक वेळा वगळलेला असतो. विमा कंपनीला नंतर कळलं तर दावा फेटाळला जातो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. एजंटला फोन करून स्पष्ट विचारा, “मी नोव्हेंबर ते जानेवारी या गाडीने पार्सलं पोचवणार आहे, पॉलिसीत ते बसतं का? नसेल तर त्यासाठी पॉलिसीला जोडपत्र (जादा कलम) मिळेल का, आणि कितीला?” उत्तर ईमेलवर मागा. काही ॲप काम चालू असताना आपल्याकडून विमा देतात, पण शेवटचं पार्सल उतरवलं की तो संपतो, आणि आपल्याच गाडीच्या दुरुस्तीसाठी त्यात कधी कधी अटी असतात. जोडपत्राचे पैसे धरून गणित बसत नसेल तर काम सोडा. विम्याशिवाय करू नका.

कागदपत्रांत तुम्ही नशीबवान आहात. एच-४ ईएडीला मालकाचं बंधन नसतं, नोकरी आणि स्वतंत्र काम दोन्ही चालतं. (हे वाचणाऱ्या एच-१बी म्हणजे नोकरीच्या आणि एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांनी मात्र “फक्त शनिवार-रविवार ॲपवर” असला मोह धरू नये. एच-१बी ज्या मालकाचा त्याच्याकडेच काम, आणि विद्यार्थ्याला परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम नाही. दोनशे डॉलरसाठी स्टेटस घालवू नका.) तुमच्या कार्डावरची तारीख तेवढी पाहा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही, त्यामुळे डिसेंबरात कार्ड संपत असेल तर त्या दिवशी काम थांबवावं लागेल.

तुमची खरी अडचण तीन वाजताची आहे. पैशाच्या दृष्टीने बरी ती पगारी नोकरी, पण तिची वेळ तुमच्या हातात नसते. सकाळी उशिरा बोलावणं येतं, माल कधी वेळेवर मिळतो कधी नाही, आणि थँक्सगिव्हिंगनंतर तर अंधार पडल्यावरही काम चालूच. उत्तरेकडे असाल तर डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. भरीला, शेवटच्या गर्दीत मुलांनाही नाताळची सुट्टी. दुपारी मुलांना आणायला कुणी असेल तर नोकरी घ्या. नसेल तर ॲप, पण दोन अटींवर: स्टेशन घरापासून दहा मैलांच्या आत हवं आणि ब्लॉकचा दर नेहमीपेक्षा चढलेला हवा. बर्फ, पाऊस, नाताळच्या आधीचा आठवडा, तेव्हा दर चढतात. साध्या दराचे ब्लॉक सोडून द्यायला शिका.

गाडीबद्दल दोन गोष्टी. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते आणि टायरमध्ये हवा किती हवी ते छापलेलं असतं. पार्सलं दिसतात हलकी, पण कुत्र्याच्या खाण्याच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके त्यातच असतात. टायरच्या खाचेत एक सेंटचं नाणं उलटं धरून बघा. लिंकनचं अख्खं डोकं दिसलं तर रबर संपलंय, काम सुरू करायच्या आधी टायर बदला. या कामात इंजिन शंभरदा बंद-चालू होतं आणि ब्रेक सतत लागतात. गाडीच्या पुस्तिकेत ‘कठीण वापर’ म्हणून ऑइल लवकर बदलायचं वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं, हंगामापुरतं ते पाळा. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर आधीच तपासून घ्या.

माल भरण्यात वीस मिनिटं गेली तरी जाऊ द्या. ॲपमधल्या क्रमाने प्रत्येक खोक्यावर जाड मार्करने मोठा आकडा घालायचा, पत्ता वर येईल असं ठेवायचं, शेवटची पार्सलं आधी आत आणि पहिली आठ-दहा शेजारच्या सीटवर. त्या सीटचा पट्टा मात्र अडकवून ठेवा, नाहीतर खोक्याला माणूस समजून गाडी दिवसभर टिंगटिंग करत राहते. पाकिटं एका बाजूला उभ्या क्रेटमध्ये. घरांपेक्षा वेळ जातो तो अपार्टमेंटमध्ये: फाटकाचा कोड चुकीचा, इमारतीचे आकडे अंधारात दिसत नाहीत, लॉकर भरलेला. कपाळावर बांधायचा टॉर्च घ्या, हातातला नको, दोन्ही हात खोक्यांत असतात.

दारातल्या पत्रपेटीत पार्सल टाकू नका. टपालखर्च न भरलेली वस्तू तिथे ठेवणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, ती पेटी पोस्टाची मानली जाते. कुत्र्याची शंका आली तर आधी फाटक वाजवा आणि खोकं अंगापुढे धरा. २०२४ मध्ये एकट्या पोस्टाच्या सहा हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना कुत्रे चावले किंवा अंगावर आले, आणि त्यांच्या अंगावर निदान गणवेश तरी असतो. तुमची साधी गाडी आणि साधे कपडे पाहून संध्याकाळी लोक पडद्याआडून बघतात. कंपनीचं जॅकेट मिळालं असेल तर वरच घाला, आणि इंजिन बंद करून किल्ली खिशात, दार लॉक, अगदी तीस पावलांवर जायचं असलं तरी.

जानेवारीत हंगाम उरकला की ऑइल बदला, चाकांचं अलाइनमेंट बघून घ्या आणि विम्याचं जोडपत्र बंद करायला सांगा, ते आपणहून बंद करत नाहीत. ॲपचं काम केलं असेल तर १०९९-एनईसी (कंत्राटदाराला दिलेल्या पैशांचा दाखला) जानेवारीअखेरपर्यंत यायला हवा, तो बँकेत जमा झालेल्या रकमांशी ताडून पाहा. नाही आला तरी उत्पन्न दाखवावं लागतंच.