वहीतलं लॉजिक

प्रश्न : मी बी. कॉम. आहे, बार्शीत एका खतविक्रेत्याकडे हिशेब बघते. टॅली रोजचीच. लेकीच्या नादाने पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली. व्हिडिओ बघताना इफ, लूप, लिस्ट सगळं कळतं, पण स्वतः लिहायला बसलं की पहिली ओळही सुचत नाही. लेक म्हणते, "आई, तुझं लॉजिक कच्चं आहे." आधी बारावीचं गणित करू का? की एआयकडून कोड घेऊन तो वाचत जाऊ?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : उधारी आणि जीएसटी जुळवणाऱ्या बाईचं लॉजिक कच्चं नसतं, हे लेकीला माझ्या नावाने सांगा. बारावीचं गणित राहू द्या. व्हिडिओत प्रश्न आधीच सुटलेला असतो, तुम्ही नुसतं टायपिंग बघता. सोडवणं तुमच्या वाट्याला येतच नाही. पॉलिटेक्निकला शिकवत असताना मी पहिल्या प्रॅक्टिकलला कॉम्प्युटर बंदच ठेवायला लावायचे. पोरं चिडायची.

वही घ्या. देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये शोधलेली गंमत करून बघा. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा : ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच : ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा : ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ६१७४ लाच तसं केलं की परत ६१७४. संख्या कुठलीही घ्या, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत इथेच येते.

आता हाताने काय केलंत ते मराठीतच ओळीओळीने लिहा. अंक सुटे केले, लावले, पुन्हा जोडून संख्या केली, वजाबाकी केली, उत्तर ६१७४ नसेल तर पुन्हा वर गेले. पायथन यानंतर. संख्येचे अंक थेट लावता येत नाहीत, म्हणून आधी तिची स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, करायची. सॉर्टेड ही आज्ञा अंक क्रमाने लावून सुटे सुटे लिस्टमध्ये, म्हणजे यादीत, देते, ते जॉइनने जोडायचे आणि इंटने परत संख्या करायची. फेऱ्यांसाठी व्हाइल लूप, ते ६१७४ येईपर्यंत त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवतं. दहा-बारा ओळींत काम होतं.

चाललं की खूश होऊन उठू नका, २१११ घालून बघा. २१११ − १११२ = ९९९. वहीत तुम्ही हे ०९९९ धराल आणि ९९९० मधून वजा कराल, पण प्रोग्रॅमला तो शून्य दिसत नाही. तो ९९९ मधून ९९९ वजा करून शून्यावर येतो आणि तिथेच फिरत बसतो. तीन अंक सारखे आणि चौथा एकाने कमी किंवा जास्त, एवढ्याच संख्यांना हा घोळ होतो. बाकी हजारो संख्यांना उत्तर बिनचूक, म्हणून तो सहजी सापडत नाही. इलाज म्हणून स्ट्रिंग केल्यावर झेडफिल या आज्ञेला चार सांगा, ती चार अंक होईपर्यंत पुढे शून्य भरते.

घोळ शोधायचा कसा, हे तुम्हाला शिकवायला नकोच. बँक जुळवणीत फरक आला तर आपण अख्खा महिना पुन्हा लिहीत नाही, कुठल्या तारखेपर्यंत शिल्लक जुळते ते बघतो. इथेही प्रत्येक फेरीला उत्तर पडद्यावर दाखवणारं प्रिंट टाका आणि वहीशी ताडून बघा.

एआयचं म्हणाल, तर हा कोड तो चुटकीसरशी देईल. पण त्याने शून्य भरलेत की नाही, हे ओळखायला २१११ तुम्हालाच सुचायला हवं. म्हणून तूर्त त्याला कोड मागू नका. लाल अक्षरांत एरर आली तर तिचा अर्थ मात्र खुशाल विचारा.

हे जमलं की झेडफिलला चारऐवजी दोन सांगा आणि दोन अंकी संख्या घ्या. ८१ वरून ६३, २७, ४५, ०९ आणि परत ८१. इथे ६१७४ सारखा मुक्कामच नाही, त्यामुळे तुमचं लूप थांबणार नाही. कंट्रोल आणि सी दाबून ते बंद करा. मग आधी येऊन गेलेली संख्या पुन्हा आली हे प्रोग्रॅमला कसं कळेल, ते वहीत लिहा. लिस्ट तुम्हाला येतेच.