कंदीलपुष्पात अडकलेली माशी कशी बघावी

सह्याद्रीत कंदीलपुष्पाच्या (सेरोपेजिया, कंदिलासारखं नळीदार फूल) जाती पाहायच्या तर ऑगस्ट-सप्टेंबर गाठा. सोबत १० पटीचं भिंग हवंच, कारण परागीभवन करणाऱ्या माश्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या असतात.

फूल तोडू नका, चिरू तर मुळीच नका. पाच पाकळ्यांची टोकं वर जुळलेली असतात, मधल्या फटींतून माशी आत घसरते. नळीतले केस खाली वळलेले, म्हणून तिला वर चढता येत नाही. तळाच्या फुगीर भागात मध शोधताना सोंडेला परागपुंजांची (परागकणांच्या घट्ट गोळ्यांची) जोडी चिमट्यासारखी चिकटते. पुढे केस सुकतात, बऱ्याच जातींत ताठ फूल आडवं होतं आणि माशी सुटते. तीच दुसऱ्या फुलात अडकली तरच बीज धरतं. म्हणून नुकतंच कललेलं फूल शोधा आणि बाहेर येणाऱ्या माशीची सोंड बघा, खरी मजा तिथे आहे!

नवखे लोक ताज्या फुलाला टिचकी मारतात. त्याने माशी बाहेर येत नाही, कारण नळीतले केस अजून सुकलेले नसतात. परागीभवन झालं का, हे नंतर जोडशेंगा सांगतात. नेमकी जागा मात्र जाहीर करू नका, कंद उकरले जातात.