काजूचा भाव पाडावा का?

प्रश्न : वेंगुर्ले तालुक्यात आमचा छोटा काजू कारखाना आहे. हंगामात १० टन बी घेतो. ती सरासरी १४० रुपये किलोने पडते. किलोभर गरामागे मजुरी, जळण, पॅकिंगचे १५० रुपये जातात. अख्खा आणि तुकडा धरून दुकानदाराला सरासरी ८०० ने देतो. आता मोठ्या कारखान्यांचा माल ७५० ला येऊ लागलाय. दुकानदार म्हणतात, तुम्हीही ५० उतरवा. उतरवावेत का?

उत्तर : नको. तुमचेच आकडे मांडून बघा. चार किलो बीला किलोभर गर धरला तर बीचे ५६० आणि वरचे १५०, असा ७१० रुपये खर्च. किलोमागे ९० सुटतात. ५० उतरवलेत की उरले ४०. आज अडीच टन गरावर सव्वादोन लाख सुटतात, तेवढ्यासाठीच सव्वादोन पट माल काढावा लागेल. त्याला साडेबारा टन जादा बी लागेल, साडेसतरा लाखांची, आणि तीही हंगामाच्या दोन-तीन महिन्यांतच उचलायची. मोठा कारखाना आफ्रिकेची बी आणून बारा महिने चालतो. भावात त्याच्याशी गाठ घालू नका.

तुमचा पैसा आधी खरेदीत आहे. गोणीच्या वरची नको, मधली आणि तळाची किलोभर बी फोडून गर वजनाला लावा. २५० ऐवजी २८० ग्रॅम निघाला तर किलोभर गरामागे बीचा खर्च ५६० वरून ५०० वर येतो. म्हणजे ६० रुपये, दुकानदार मागतो त्याहून जास्त! बी ओलसर असेल तर वजन फसवते. हलवून बघा, खुळखुळायला हवी.

मग तुकडा. अख्खा ८५० ला आणि तुकडा ६०० ला जात असेल, तर ८०० सरासरी म्हणजे २० टक्के तुकडा. तो १५ वर आणलात तर १२५ किलो गर वरच्या भावात जाईल आणि ३१,२५० रुपये वाढतील. गर फुटतो तो बहुधा घाईने. वाफवलेली बी गरम असतानाच कातरली तर गर टरफलाला धरून राहतो आणि पात्याखाली येतो. ती पसरून रात्रभर निवू द्या. बोरम्यात, म्हणजे गर वाळवायच्या भट्टीत, ६५ ते ७० अंशांवर सहा ते आठ तास पुरतात. त्यापुढे गर ठिसूळ होऊन सोलताना पाकळ्या पडतात.

आता गिऱ्हाईक. मोठ्यांचा माल बहुतेक मिसळलेल्या बीचा, पांढरा, ३२० नंबरचा असतो, म्हणजे पाउंडात ३०० ते ३२० गर. तुमच्याकडे वेंगुर्ला-७ जातीच्या बागा आहेत. तिची बी साधारण १० ग्रॅमची, गर टपोरा. ती वेगळी घ्या, वेगळी वाफवा, आणि सालीसकट भाजून चाकरमान्यांना थेट विका. सोलायची मजुरीही वाचते. पहिल्या वर्षी ३०० किलोच करा, गणपतीच्या मागण्या आधी घ्या, भाजणी त्याआधी आठ-दहा दिवस. पावसात काजू लगेच सादळतो, तेव्हा भाजलेल्या काजूचा उघडलेला डबा त्याच दिवशी २५० ग्रॅमच्या जाड पाकिटांत भरून संपवा, पाकिटावर भाजल्याची तारीख घाला. मुंबईत पोचलेला मऊ काजू ते घर कायमचे तोडतो.

दुकानदाराला तोडू नका. रोख देणाऱ्याला २ टक्के सूट द्या. ती १६ रुपयांत भागते आणि उधारीत पैसा अडकत नाही.

प्रश्न : पाकिटावर ‘वेंगुर्ला काजू’ असे छापता येईल का?

उत्तर : या नावाला भौगोलिक मानांकन आहे. ते वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी लागते. नोंदणी कार्यालय चेन्नईला आहे. बी त्याच भागातली हवी, म्हणून बागायतदारवार खरेदीची वही ठेवा. हंगाम सरल्यावर बाहेरची बी घेतलीत तर तिचा घाणा वेगळा काढा, बॅच नंबर वेगळा द्या आणि त्या पाकिटावर हे नाव छापू नका.