बीनोचं पान कोणाच्या हातचं, हे कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मामांच्या कपाटात ‘द बीनो’ या मुलांच्या ब्रिटिश चित्रकथा-साप्ताहिकाची चार जुनी ॲन्युअल (वर्षाला एक निघणारी पुस्तकं) सापडली, त्यात चित्रकाराचं नाव कुठेच नाही, तर ‘बॅश स्ट्रीट किड्स’ या शाळकरी टोळीची पानं लिओ बॅक्सेंडेल या चित्रकाराची समजायची का? त्यावर एकाने ठोकून दिलंय की बॅक्सेंडेल गेल्यावर जे आलं ती सगळी नक्कल. दोन्हींवर लिहितो. जरा लांबेल.

आधी नाव का नाही ते. बीनो हे स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या डी. सी. थॉमसन कंपनीचं साप्ताहिक. पहिल्या अंकावर तारीख ३० जुलै १९३८, किंमत दोन पेनी, मुखपृष्ठावर रेग कार्टरने काढलेला बिग एगो नावाचा शहामृग. कंपनीचा शिरस्ता सरळ होता. चित्रकाराला पानाचे पैसे मिळत. पान कंपनीचं, पात्र कंपनीचं, आणि सही करायची नाही. १९२६ च्या सार्वत्रिक संपानंतर या कंपनीने कामगार संघटनांना दारात उभं केलं नव्हतं, त्यामुळे ‘आमचं नाव छापा’ म्हणून एकत्र येऊन भांडायची सोयच नव्हती. निनावीपणाचे मालकाला दोन फायदे. चित्रकार सोडून गेला तरी पोरांना पत्ता लागत नाही, पात्र चालू राहतं. आणि लंडनच्या प्रकाशकाला कोणाला फोडायचं ते चटकन कळत नाही. आपल्याकडे चांदोबात चित्राच्या कोपऱ्यात शंकर, वपा अशा सह्या असायच्या. त्यामुळे गोष्ट विसरली तरी चित्र काढणारा लक्षात राहायचा. बीनो वाचणाऱ्या इंग्रज पोरांना ते सुख नव्हतं.

अपवाद डडली वॉटकिन्सचा. १९४६ पासून त्याला सही करू दिली, कारण दुसऱ्या प्रकाशकाकडून मागणी आली होती असं सांगतात. तुमच्या पुस्तकात त्याची सही दिसली तर प्रश्नच मिटला. लॉर्ड स्नूटी, बिफो हे अस्वल, आणि बीनोच्या बाहेर याच कंपनीच्या ‘डँडी’ साप्ताहिकातला डेस्परेट डॅन, ‘संडे पोस्ट’ वर्तमानपत्रातला ऊर वुली, सगळे याच्याच हातचे. रीतसर चित्रकला शिकलेला माणूस. माणसाचा कोपर जिथे वाकायला हवा तिथेच वाकतो, विटांची भिंत असेल तर ती कोसळणार नाही अशी उभी असते. २० ऑगस्ट १९६९ ला तो गेला तो कामाच्या टेबलावरच.

आता तुमच्या पुस्तकांकडे. चित्रकार ओळखण्याआधी वर्ष ठरवा, नाहीतर सगळा अंदाज हवेत जाईल. जुन्या ॲन्युअलवर वर्ष छापलेलं नसे. ते साठच्या दशकाच्या मध्यापासून दिसायला लागतं. छापलेलं असलं तरी फसू नका: ॲन्युअल नाताळच्या भेटीसाठी आदल्या शरद ऋतूतच दुकानात यायचं, आणि पानं त्याच्याही आधी काढून तयार असायची. म्हणजे मुखपृष्ठावर १९६६ म्हटलं तरी आतलं काम १९६५ किंवा त्याआधीचं. वर्ष नसेल तर किंमत शोधा. किंमत शिलिंगात असेल तर पुस्तक १९७१ च्या आधीचं, नुसती नव्या पेनीत असेल तर नंतरचं, कारण १५ फेब्रुवारी १९७१ ला ब्रिटनने दशमान नाणी आणली. मात्र भेट देणारे किमतीचा कोपरा कात्रीने उडवायचे, तेव्हा तो तिरका कापलेला दिसला तर पुस्तक फाटकं समजू नका. पाठीवर ‘मॅजिक-बीनो बुक’ असेल तर ते चाळीसच्या दशकातलं. तसं असेल तर जपून ठेवा, मोलाचं आहे.

वर्ष ठरलं की हात ओळखणं सोपं होतं. पन्नाशीच्या दशकात बीनोचा चेहरा बदलला, आणि तो बदल तीन माणसांनी केला. त्यांचा क्रम ध्यानात ठेवा.

पहिला डेव्ही लॉ. १७ मार्च १९५१ च्या अंकात त्याचा डेनिस द मेनेस आला. (त्याच आठवड्यात अमेरिकेत हँक केचमचा वेगळाच डेनिस द मेनेस वर्तमानपत्रांत सुरू झाला. दोघांनी एकमेकांचं पाहिलेलं नव्हतं. यावर दरवर्षी कोणीतरी वाद उकरून काढतो, आता पुरे.) लॉची रेष घाईची, ओरखडल्यासारखी. डेनिसचे पाय काटकुळे, गुडघे टोकदार, केस म्हणजे शाईचा गोंधळ. पोरगा एका चौकटीत स्थिर उभा असला तरी पुढच्या क्षणी पळणार हे कळतं. १९६८ मध्ये त्याला कुत्रा हवा झाला तेव्हा लॉला सांगण्यात आलं की डेनिसच्या नुसत्या केसांचं चित्र काढ, त्याच्या चार कोपऱ्यांना चार पाय लाव आणि पुढे दोन डोळे. झाला नॅशर. ही हकीकत बीनोवाल्यांत इतकी फिरली आहे की तिला दंतकथेची चव आली आहे, पण नॅशरचं चित्र बघितलं की पटते.

दुसरा लिओ बॅक्सेंडेल, लँकेशरचा. लॉचा डेनिस पाहूनच त्याने बीनोकडे कामासाठी पत्र टाकलं. १९५३ मध्ये त्याने लिटल प्लम आणि मिनी द मिंक्स ही पात्रं आणली, आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये ‘व्हेन द बेल रिंग्ज’, म्हणजे पुढचे बॅश स्ट्रीट किड्स. कंपनीच्या कचेरीच्या खिडकीतून डंडी हायस्कूलचं मैदान दिसायचं, सुटीत पोरं उधळायची, तिथून ही कल्पना आली. सुरुवातीची पानं बघितली आहेत का? शाळेची घंटा वाजते आणि दारातून पोरांचा लोंढा. कोणी कोणाच्या डोक्यावर, कोणी खांबावर, एका कोपऱ्यात दोघांची मारामारी, तिसरा त्यांच्याखालून बाटली घेऊन सटकतोय, आणि मागे लांब, नखाएवढा एक मास्तर घाबरून परत फिरतोय. गोष्ट पुढे सरकत असते, पण नजर सरकत नाही. बॅक्सेंडेलची खूण हीच: मुख्य विनोदाशी संबंध नसलेले तीन-चार विनोद त्याच चौकटीत. माणसं चपटी होतात, उडतात, धुळीचा लोळ उठतो, आणि त्या लोळातून फक्त बूट बाहेर दिसतात.

तिसरा केन रीड, मँचेस्टरचा. १९५३ चा रॉजर द डॉजर त्याचाच, पण त्याचं खरं काम म्हणजे १९५८ पासूनचा जोना. हा खलाशी ज्या जहाजावर पाय ठेवील ते बुडणार. रीड एका पानात दोन डझनांच्या वर बारक्या चौकटी बसवायचा, आणि प्रत्येकीत कोणाचा तरी चेहरा भीतीने वितळत असायचा. जोनाला पाहून खलाशी किंचाळतात तेव्हा जबडा, जीभ, घसा, आतले दात सगळं दिसतं. बारीक निबेने मारलेल्या आडव्या-उभ्या रेघा आणि दर चेहऱ्याला वेगळी विकृती, असं दिसलं की डोळे मिटून रीडचं नाव सांगा.

आता मुद्द्याचं. बॅक्सेंडेल १९६२ मध्ये बाहेर पडला. दर आठवड्याला इतकी पानं एकट्याने ओढून तो थकून गेला होता. दोन वर्षांनी त्याने ओडम्स या लंडनच्या कंपनीसाठी ‘व्हॅम’ हे नवं साप्ताहिक सुरू केलं, रीडही तिकडे गेला. बीनोने बॅश स्ट्रीट दिलं डेव्हिड सदरलँडकडे. हा त्याआधी साहसकथा काढायचा, डॉल्फिनवर बसणारा डॅनी वगैरे, नेमकी वास्तव रेष. त्याला सांगितलं गेलं ते असं की वाचकाला फरक कळता कामा नये. म्हणून १९६२ च्या आसपासची पानं ओळखताना जाणकारही अडखळतात. सदरलँडने ती मुद्दाम बॅक्सेंडेलसारखी काढली आहेत. नक्कल म्हणायचं असेल तर त्या वर्षा-दीड वर्षाला म्हणा, आणि तीही मालकाने सांगितलेली नक्कल.

पण त्यानंतर? सदरलँड बॅश स्ट्रीट काढत राहिला तो थेट जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, जाईपर्यंत. सुमारे साठ वर्षं. १९७० मध्ये लॉने आजारपणामुळे काम सोडलं तेव्हा डेनिसही त्याच्याकडे आला आणि १९९८ पर्यंत राहिला. वॉटकिन्स गेल्यावर बिफोही त्यालाच मिळाला. म्हणजे १९७० नंतरच्या दशकांतला जवळजवळ कुठलाही अंक उघडला तर त्याचा हात तुम्हाला दिसेल. असा माणूस नक्कल करत साठ वर्षं टिकत नाही. त्याची रेष जाड आणि गोल होत गेली, गर्दी कमी झाली. पोरं रांगेत उभी राहतात, एका नजरेत प्लगचे दात, स्मिफीचा गोंधळलेला चेहरा, टोळीतल्या डॅनीची (डॉल्फिनवाल्या नव्हे) टोपी सगळं वाचता येतं. बॅक्सेंडेलच्या पानात विनोद शोधावा लागतो, सदरलँडच्या पानात तो समोर येऊन बसतो. लॉचा डेनिस मला जास्त आवडतो, हे कबूल. सदरलँडचा डेनिस जरा गुटगुटीत, जरा सभ्य आहे, त्याचे केस काळ्या ब्रशसारखे नीट उभे. पण बॅश स्ट्रीटच्या बाबतीत माझं मत उलटं आहे. बॅक्सेंडेलने ती पोरं जन्माला घातली, पण त्यांना एकमेकांपासून वेगळं केलं, प्रत्येकाला स्वतःचा स्वभाव दिला, तो सदरलँडने. सुरुवातीच्या पानांत तो एक लोंढा आहे. साठच्या दशकाअखेर ती ओळखीची पोरं होतात.

मिनीचंही तसंच. ‘मिनी फक्त बॅक्सेंडेलची’ म्हणणाऱ्यांना जिम पेट्री हे नाव माहीत नसतं. १९६१ ते २००१, चाळीस वर्षं त्याने ती काढली. ब्रिटनमध्ये आज साठीत असलेल्यांनी लहानपणी जी मिनी पाहिली ती पेट्रीची.

याचा अर्थ बॅक्सेंडेलवर अन्याय झाला नाही असा नव्हे. त्याने आपल्या पात्रांच्या हक्कासाठी कंपनीवर खटला भरला, तो सात वर्षं चालला आणि १९८७ मध्ये न्यायालयाबाहेर मिटला. पन्नासच्या दशकात बीनोचा खप आठवड्याला वीस लाखांच्या जवळ गेला होता, आणि तो खप ज्यांच्या जिवावर टिकला त्यांना पानामागे ठरलेली रक्कम. (बॅक्सेंडेल पेटून उठणारा माणूस होता. साठच्या दशकात व्हिएतनाम युद्धाविरुद्ध तो स्वतःचं पत्रक काढायचा.) पण त्या रागाचा चटका सदरलँडला, पेट्रीला का? तेही त्याच व्यवस्थेत, तशाच निनावी अवस्थेत राबत होते. सदरलँडला ‘ओबीई’ किताब जाहीर झाला तो २०२३ च्या नववर्ष यादीत, म्हणजे जायच्या काही आठवडे आधी. आता बीनो पानापानावर चित्रकाराचं नाव छापतो. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण सुचलं.

तुमच्या चार पुस्तकांबद्दल एक सावधगिरी. ॲन्युअलमध्ये साप्ताहिकापेक्षा जास्त पाहुणे हात असायचे. नेहमीचा चित्रकार साप्ताहिकाच्या पानांत गुंतलेला, मग ॲन्युअलचं एखादं पान दुसऱ्याकडे जायचं आणि तो पहिल्याच्या शैलीत काढून द्यायचा. त्यामुळे एकाच पात्राची चार पानं एकाच पुस्तकात वेगवेगळी वाटली तर तुमच्या नजरेचा दोष समजू नका. चेहरे नकलता येतात. हात-बूट, धूळ आणि मागची भिंत नकलायचा मात्र सहसा कोणी त्रास घेत नाही. तिथे बघा. टॉम पॅटर्सनसारख्या नंतरच्या माणसाचं पान तर कोपऱ्यातल्या वास मारणाऱ्या मोज्यावरूनच कळतं. तो त्याचा खोडसाळपणा, जवळजवळ सहीच.

फोटो टाकणार असाल तर पूर्ण पानाचा एक, आणि गर्दीच्या चौकटीचा जवळून एक असे दोन टाका. शिवाय ‘हे पुस्तक कोणाचं’ असं छापलेलं पहिलं पान आणि किमतीचा कोपरा, कापलेला असला तरी. बॅश स्ट्रीटच्या पानांत मास्तरची मिशी आणि पोरांचे बूट स्पष्ट दिसू द्या, वरून दिव्याची चमक येणार नाही असं बघा. पुस्तकं १९५५ ते १९६२ मधली निघाली तर बॅक्सेंडेल असण्याची शक्यता चांगलीच आहे. पुढची असतील तर सदरलँड, आणि त्यात नाराज व्हायचं काही कारण नाही.